डाळपुरीच्या गाडीवर वाचलेला मॉरिशस

मॉरिशसच्या टूर पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं. त्यामुळे आपल्याकडची बरीच जोडपी आठवडाभर रिसॉर्टच्या बुफेत पनीर शोधतात आणि बेटावरचं सगळ्यात चांगलं खाणं न चाखताच परत येतात. ते खाणं रस्त्यावर, गाडीवरच्या काचेच्या पेटीत मिळतं. त्याचं नाव डाळपुरी.

नाव पुरी असलं तरी ती तळलेली नसते. शिजवून बारीक केलेली पिवळी डाळ, हळद, जिरं हे सारण भरून पातळ लाटायची आणि तव्यावर भाजायची. म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. साखरेच्या बेटावरची पोळी तिखटमिठाची, हे आधी गमतीचं वाटतं. मागायची ती जोडीनंच. दोन पुऱ्यांत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय, चटणी आणि हिरवी मिरची. कागदात गुंडाळून हातात. रोझ हिल गावातलं 'देवा' हे दुकान यासाठी बेटभर प्रसिद्ध आहे.

ही पोळी तिथं पोचली कशी, याचं उत्तर उसात आहे. मॉरिशसमध्ये ऊस आणला डचांनी, 1639 साली. मळे वाढवले फ्रेंचांनी, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे आलं आणि 1835 मध्ये तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. आता ऊस तोडणार कोण? उत्तर हिंदुस्थानात शोधलं गेलं. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलास' जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख लोक या मार्गानं गेले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, काही तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेले ते मुख्यतः रत्नागिरी-साताऱ्याकडचे. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

करार पाच वर्षांचा. पगार महिन्याला 5 रुपये, शिवाय शिधा: तांदूळ, डाळ, तूप, मीठ. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापली जायची. याला 'डबल कट' म्हणत. मजुरांच्या टोळीवर असायचा 'सरदार'.

एवढं कळलं की बेटावरची खाण्याची ठिकाणं वेगळी दिसायला लागतात. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात 'गातो पिमां' मिळतं. फ्रेंच नावाचा अर्थ मिरचीचा केक, पण तोंडात टाकलं की तो आपला डाळवडा. लोक सकाळी तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात. म्हणजे वडापावच, बटाट्याशिवाय. त्याच बाजारात 'अलुदा' प्या. दूध, सब्जा, आगरची जेली. नाव उघडच फालुद्यावरून आलंय. थोडं पुढं चायनाटाऊनमध्ये परतलेल्या नूडल्स आणि वाफवलेले गोळे. मळ्यांच्या गावांत चिनी दुकानदार वहीवर उधारी लिहून मजुरांना किराणा द्यायचे. लग्नाचं बोलावणं मिळालंच, तर केळीच्या पानावर भाताबरोबर सात भाज्या वाढतात. ते जेवण 'सात कारी' म्हणून ओळखलं जातं.

तिथल्या मराठी माणसांची घरची भाषा आज बहुतेक क्रिओल आहे, पण गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते.

नांदेड-लातूरच्या माणसाला या इतिहासात ओळखीचं बरंच सापडेल. मुखेड, कंधार, अहमदपूर भागातून आजही दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. इथं करार नाही, 'उचल' आहे. सरदार नाही, मुकादम आहे. डबल कट नाही, पण खाडा पडला की दंड आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. पहाटे तीनला उठून भाकरी थापून फडात नेतात, कारण दुपारी चूल पेटवायला वेळ नसतो.

दोन्हीत फरकही आहे. मळ्यावरचा मजूर समुद्र ओलांडून गेला, परतणं बहुतेकांना जमलं नाही. आपला कोयता पट्टा पडला की गावी येतो. आणखी एक फरक जास्त बोचतो. पोर्ट लुईच्या बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आप्रवासी घाट आहे. मजूर उतरले की ज्या 16 पायऱ्या चढून आत जायचे, त्या तिथं जपल्या आहेत. 2006 पासून ते युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे. मजुरांची नोंद करणाऱ्या वह्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांत नाव, गाव, वय, जहाज अशा नोंदी आहेत. नंतरच्या काळातल्या अनेकांचे फोटोसुद्धा आहेत. आजचा मॉरिशियन माणूस तिथं जाऊन आपला पणजोबा शोधू शकतो.

इंग्रजांनी त्या वह्या प्रेमापोटी ठेवल्या नव्हत्या. पळालेला मजूर पकडायला ठेवल्या होत्या. पण स्वतंत्र झालेल्या देशानं त्याच वह्या आपला वारसा म्हणून सांभाळल्या आणि शिध्यातली डाळ अभिमानानं ताटात वाढली. आपल्याकडे बऱ्याच कोयत्यांचा हिशोब अजूनही मुकादमाच्या खिशातल्या वहीत असतो. सीझन संपला की वहीही संपते. शंभर वर्षांनी मुखेडच्या एखाद्या पोरीला आपली पणजी कोणत्या कारखान्याच्या फडावर होती हे शोधायचं झालं, तर ती कुठं जाणार?

मॉरिशसला जाणार असाल तर एक दिवस बुफे सोडा. सकाळी घाटाच्या पायऱ्या बघा, मग बाजारात जाऊन डाळपुरीची जोडी घ्या. रांगेत उभं राहून खा, तिथं सगळे तसंच खातात.