केबलचे तापमान आणि टर्मिनलची मर्यादा

विद्युतवाहकातून किती प्रवाह नेता येईल, हे तांब्याच्या जाडीइतकेच वेष्टनाच्या तापमानमर्यादेवर ठरते. साध्या पीव्हीसी वेष्टनासाठी ही मर्यादा ७० अंश सेल्सिअस, तर एक्सएलपीईसाठी ९० अंश आहे. साहजिकच तेवढ्याच जाडीची एक्सएलपीई केबल अधिक भार वाहते.

गल्लत होते ती टोकाशी. केबल ९० अंश सोसते, म्हणून ती जेथे कसली जाते तो ब्रेकरही ते सोसेल असे नव्हे. ब्रेकरची तापमानचाचणी ठरावीक जाडीचा पीव्हीसी वाहक जोडून घेतात. तो वाहक टर्मिनलची उष्णता काही प्रमाणात वाहून नेतो. त्याऐवजी ९० अंशांपर्यंत तापणारी बारीक केबल जोडली, तर उष्णता उलट टर्मिनलकडे येते. म्हणूनच आयईसी ६०३६४ मानकानुसार वाहक ७० अंशांपुढे तापणार असल्यास जोडलेले उपकरण ते सोसते का, याची खात्री करावी लागते. अमेरिकेची संहिता याहून काटेकोर आहे : १०० अँपिअरपर्यंतच्या जोडांना एरवी ६०, त्यापुढे ७५ अंश धरावेत, असे तिचे कलम ११०.१४ सांगते.

नाशिकची हवा थंड, हा समज एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा टिकत नाही. भारतीय तक्ते ४० अंशांची हवा गृहीत धरतात. सातपूर-अंबडमधील एखाद्या पत्र्याखालच्या पॅनलरूममध्ये ५० अंश झाले, तर पीव्हीसी केबलची क्षमता सुमारे ८२ टक्क्यांवर येते. एक्सएलपीईची ८९ टक्क्यांवर. ढिल्या स्क्रूने वाढणारी उष्णता यात धरलेली नाही.