तारामती, सौदामिनी आणि सासूबाई



दादरच्या प्लाझा थिएटरवरून आपण भाजीच्या पिशव्या घेऊन शेकडो वेळा गेलो असू. ते थिएटर व्ही. शांतारामांचं. शांतारामांचे वडील कोल्हापूरकडचे जैन, हे आपल्यातल्याही पुष्कळ जणींना माहीत नसतं. त्यांच्याच दिग्दर्शनाखाली गिरगावच्या दुर्गा खोटे नावारूपाला आल्या.

१९३२ साल. चांगल्या घरातली बाई सिनेमात जाणं म्हणजे कुळाला बट्टा. दुर्गाबाई लाडांच्या सुशिक्षित घरातल्या, खोट्यांची सून, पदरी दोन मुलगे आणि हलाखीचे दिवस. ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात त्या तारामती झाल्या, स्वतःची गाणी स्वतः गायल्या. दार उघडलं ते त्यांनी. पुढच्या घरंदाज मुली त्यातूनच आत आल्या.

पण मला त्यांची खरी ताकद दिसते १९३६ च्या ‘अमरज्योती’मध्ये. राज्याचा कायदा सौदामिनीला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारतो. ती समुद्रावर जाते, चाच्यांची पुढारी होते आणि सूड घेते. हे बघताना मला आपली अंजना सती आठवते. पोटात हनुमान, पती पवनंजय दूर, आणि सासू केतुमतीने संशयावरून घराबाहेर काढलेलं! तिने दोष दिला तो आपल्या पूर्वकर्माला. वैराने वैर वाढतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, दशलक्षणात पहिला दिवसच उत्तम क्षमेचा. तरी सौदामिनीचा संताप मला खोटा वाटत नाही. कर्माचा सिद्धांत अंजनेने स्वतःपुरता मानला. छळणाऱ्यांनी तोच तिच्या तोंडावर फेकावा, हे मात्र मला पटत नाही.

आणि मग १९४१ चा, अत्र्यांचा ‘पायाची दासी’. त्यात दुर्गाबाई चक्क खाष्ट सासू! म्हणजे अंजनेसारखा अन्याय सोसलेली आई जिने रंगवली, तिनेच केतुमतीही रंगवली. देखण्या नायिकेने तिशीपस्तिशीत अशी भूमिका घ्यायची, याला धाडस लागतं.

पुढे ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई सगळ्यांनाच ठाऊक आहे. ‘बॉबी’तली मिसेस ब्रिगँझाही. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचनालयात अजून मिळतं. दुपारच्या निवांत वेळी काढा, आणि ‘अमरज्योती’ बघाल तेव्हा सुनेलाही शेजारी बसवा.