ओतूरने ऐकलेले पुस्तक

सतराव्या शतकाच्या आरंभी, अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर, निजामशाहीची उरलीसुरली दौलत ज्याने आपल्या बुद्धीने आणि बाहुबलाने सावरून धरली, तो मलिक अंबर आफ्रिकेतील हबसाणात जन्मला होता आणि गुलाम म्हणून हातोहात विकला जात दख्खनेत आला होता. दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला घेऊन या हबशी वजिराने काही काळ जुन्नरलाच राजधानीचा मान दिला. त्याने बांधून दिलेल्या जमाबंदीच्या पद्धतीचा दाखला तर मराठी मुलखात पुढे कित्येक पिढ्या दिला जात असे. जुन्नरच्या रयतेने आफ्रिकेचा हा माणूस पाहिला तो असा, हुकूम फर्मावणारा.

अडीच शतकांनंतर आफ्रिकेच्या लेकरांची कहाणी याच मुलखाच्या नशिबाशी पुन्हा जोडली गेली, आणि या वेळी ती ग्रंथाच्या वाटेने आली. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतील ज्या सज्जनांनी हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी स्वार्थत्याग केला त्यांना; आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडविण्याच्या कामी तोच कित्ता गिरवावा, अशी आकांक्षा तेथेच नमूद केली. पुण्यातील एका माळ्याने समुद्रापलीकडील गुलामांच्या दुःखात आपल्या शेजाऱ्याचे दुःख ओळखावे, ही त्या काळच्या मराठी वाङ्मयातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी घटना आहे. तरुणपणी थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचून ज्याचे मन पेटले, त्याला पुस्तकाचे सामर्थ्य कोणी सांगावयास नको होते.

परंतु ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांना अक्षरओळखच नव्हती, त्याचे काय? ‘शेतकऱ्याचा असूड’ या पाच प्रकरणांच्या पुस्तकाने 1883 साली या प्रश्नाचे उत्तर दिले. ‘दीनबंधु’ पत्रात त्याची पहिली दोन प्रकरणे आली आणि पुढे छपाई थांबली. मात्र जोतीरावांनी हस्तलिखित घेऊन ते पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर येथे वाचले, तसेच जुन्नरला आणि ओतूरलाही वाचले. सारा, पाटपट्टी, कुळकर्ण्याची लेखणी, सावकाराचे खत, यांतले ज्याला एकही नवे नव्हते अशा श्रोत्याला आपलेच जिणे प्रथमच ग्रंथरूपाने ऐकू येत होते.

पुढच्या दोन वर्षांत जुन्नर तालुक्यात जे घडले, ते खतफोडीचे बंड म्हणून ओळखले जाते. सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्याचे कुळांनी नाकारले आणि तालुका हवालदिल झाला. एका पुस्तकाने हे बंड केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दहा वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात कर्जाची खते जाळली गेली, ती काही कोणी ग्रंथ वाचून नव्हे. पण सुप्याचा वणवा आणि जुन्नरचा असहकार यांत जो फरक आहे, तो विचाराचा आहे. तोच विचार लग्नाच्या मांडवातही दिसतो: ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न ग्रामजोशावाचून लावले, तेव्हा जोशांनी वतनी हक्क सांगून फिर्याद गुदरली आणि वाद थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. इतका चिवटपणा नुसत्या संतापातून येत नाही.

निरक्षरांनी ऐकलेल्या पुस्तकाचे याच्या तोडीचे दुसरे उदाहरण शोधावयाचे तर पुन्हा आफ्रिकेतच जावे लागते. केनियातील लेखक न्गुगी वा थिओंगो याने कामिरिथू गावच्या शेतकरी-मजुरांसाठी त्यांच्याच गिकुयु भाषेत नाटक रचण्यात भाग घेतला, म्हणून 1977 च्या अखेरीस सरकारने त्याला अटकेत टाकले. त्याने तुरुंगात शौचकागदावर गिकुयु कादंबरी लिहिली. ती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा घरोघर एखादा साक्षर मुलगा वाची आणि सारे कुटुंब ऐके; मजूर जेवणाच्या सुटीत आणि गुत्त्यातही ती वाचून घेत. जोतीरावांचे नाव त्या श्रोत्यांच्या कानावर कधी गेले नसेल, आणि ओतूरकरांनाही केनिया ठाऊक नव्हता.

जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील ग्रंथालयांच्या चालकांना एवढीच विनंती, की कपाटात बंद असलेला ‘असूड’ त्यांनी वर्षातून एकदा तरी चावडीवर मोठ्याने वाचवावा, आणि त्याच बैठकीत न्गुगीचेही एखादे प्रकरण मराठीतून ऐकवावे.