परक्यांच्या नजरेतील देवळे : पारोळा आणि खानदेश

परमुलखात गेल्यावर तेथील देवालय किंवा चर्च पूजेसाठी नव्हे, तर जुनी इमारत म्हणून पाहायला जाणे ही प्रथा आज सर्वत्र रूढ असली, तरी ती तीर्थयात्रेइतकी जुनी नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सधन घरांतील तरुण शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून इटलीची सफर करीत. ते बहुधा प्रोटेस्टंट पंथाचे असत आणि रोमन कॅथलिक चर्चमध्ये गुडघे न टेकता तेथील कमानी, घुमट व चित्रे पाहून टिपणे काढीत. आपली श्रद्धा बाहेर ठेवून दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाचे केवळ स्थापत्य पाहण्याची ही सवय पुढे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आली. तिचे फलित तपासण्यासाठी अजिंठा-वेरूळसारख्या जगप्रसिद्ध स्थळांपेक्षा खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील, पारोळ्यासारखे आडबाजूचे गाव अधिक उपयोगी पडते, कारण अशा गावाबद्दल लिहिणाऱ्याला आधीच्या कीर्तीचा आधार नसतो आणि त्याला जे दिसले व जे दिसले नाही, ते दोन्ही उघडे पडते.

खानदेश परकीयांना अपरिचित नव्हता. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारी व्यापारी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी तापीच्या खोऱ्यातून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने बुऱ्हाणपुरास शाहजादा परवीझच्या भेटीला गेला आणि पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने या वाटेवरील मुक्कामांची नोंद केली. ताव्हेर्निएला नवापूरचा बारीक, पांढराशुभ्र आणि कस्तुरीसारखा दरवळणारा तांदूळ लक्षात राहिला, बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जाते हेही त्याने लिहिले, परंतु हिंदूंच्या मोठ्या देवस्थानांवर त्याने जे स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात जगन्नाथपुरी, काशी, मथुरा आणि तिरुपती ही नावे येतात. खानदेशातील एकही देऊळ येत नाही. यात नवल नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने देवस्थान मोजले जाई ते तेथे जमणाऱ्या यात्रेवरून व साठलेल्या संपत्तीवरून, आणि त्या मापाने खानदेशातील देवळे लहान ठरत होती.

हे चित्र १८१८ नंतर बदलले. पेशवाईच्या अस्तानंतर खानदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा तेथील पहिला पोलिटिकल एजंट, म्हणजे कंपनीचा राजकीय प्रतिनिधी व मुलकी कारभारी, झाला. पुढल्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ नावाचा लष्करी अधिकारी वाघूर नदीच्या घळीत शिरून अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. पुरातन वास्तूवर नाव कोरणाऱ्या उनाड पर्यटकाला आज दंड होतो. स्मिथचे नाव मात्र इतिहासाचे साधन ठरले आहे. त्यानंतरच्या काळात वास्तू पाहण्याची ही हौस सरकारी कामाचे रूप घेत गेली. जेम्स बर्जेस याच्याकडे पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम आले, १८८० मध्ये जेम्स कॅम्पबेल याने संपादित केलेल्या मुंबई गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड निघाला आणि हेन्री कझेन्स याचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची भूमी, शेती, महसूल, जाती, व्यापार आणि प्रेक्षणीय स्थळे यांची सरकारी बाडवजा नोंद, हिच्यात पारोळ्याला काही ओळी मिळाल्या आहेत. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने पन्नासेक घरांच्या खेड्याचे तटबंदीचे शहर केले आणि १७२७ मध्ये त्यानेच तेथील प्रशस्त भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरील किल्ला, बांधला असे मानले जाते, अशी ती नोंद आहे. भोवतालचा खंदक, दाराशी पूर्वी असलेला उचलता पूल आणि बाजूचे मोठे बुरूज यांचे वर्णन करून जिल्ह्यातील या प्रकारच्या उत्तम वास्तूंमध्ये या किल्ल्याची गणना केलेली आहे. गावाबाहेरील झपाट भवानीच्या देवळाला अतिशय देखणे म्हटले आहे आणि तेथेच हा विषय संपवला आहे. त्याच नोंदीत असेही सांगितलेले आहे, की १८२१ मध्ये ब्रिग्जच्या जिवावर उठलेल्या कटाची पारोळ्याच्या जहागीरदारांना माहिती असल्याचे उघडकीस आले, १८५७ च्या उठावात त्यांनी सरकारशी बेइमानी केली, आणि म्हणून १८५९ मध्ये गाव जप्त करून किल्ल्याची मोडतोड करण्यात आली. किल्ला पाडणारे आणि त्याच्या सौंदर्याची वाखाणणी करणारे सरकार एकच होते. दोहोंत वीस वर्षांचेच अंतर आहे. वास्तू निरुपद्रवी झाल्यावर ती प्रेक्षणीय ठरते, हा त्या काळच्या पुरातत्त्वाचा न लिहिलेला नियम पारोळ्याइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

पारोळ्याचे हे जहागीरदार नेवाळकर घराण्यातील. मूळच्या कोकणातील या घराण्याची एक शाखा खानदेशात राहिली आणि दुसरी रघुनाथ हरी याच्या सुभेदारीपासून झाशीत सत्तेवर आली. राणी लक्ष्मीबाईचे पती गंगाधरराव याच शाखेतील. त्यामुळे पारोळ्याचा संबंध त्या काळच्या एका वेगळ्या प्रवाशाशी जुळतो. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी लिहिलेला वृत्तान्त चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापला. मध्य हिंदुस्थान हा गोडसे यांच्या लेखी परमुलूखच होता. भाषा, अन्न आणि आचार यांतील वेगळेपण ते जागोजाग टिपतात. मात्र देवळात गेल्यावर ते पाहुणे राहत नाहीत. पूजा कशी चालते, धर्मकृत्यात कोणाला किती दान मिळाले, यजमान कोण, याकडे त्यांचे लक्ष असते. खांबांची संख्या आणि बांधकामाचे साल यांत त्यांना रस नाही. गॅझेटियरकर्त्याला जे दिसत नव्हते ते गोडसे यांना आपोआप दिसत होते, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे.

झाशीमुळेच चर्चचा एक धागाही या इतिहासात येतो. नेवाळकरांच्या आधी झाशीचा कारभार पाहिलेले मराठा सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी खानदेशाच्या सीमेवर मालेगावचा भुईकोट बांधला आणि १७४७ मध्ये नाशकात गोदाकाठी रामेश्वराचे देऊळ उभारले. या देवळाच्या प्राकारावर टांगलेली प्रचंड घंटा पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या आणि भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणी देवांपुढे लागल्या. नाशकाची ही घंटाही त्यांतलीच मानली जाते. युरोपात जाऊन चर्च पाहण्याची सोय ज्यांना स्वप्नातही नव्हती, त्या गोदास्नानास येणाऱ्या यात्रेकरूंनी चर्चची ही वस्तू पिढ्यान्पिढ्या पाहिली आणि ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून आपलीशी केली.

परक्यांनी केलेल्या नोंदींचा सर्वांत मोठा लाभ खानदेशाला झाला तो कोरीव लेखांच्या बाबतीत, आणि येथे पहिले मोठे नाव एका मराठी भाषकाचे आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील भवानीच्या देवळातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणला, आणि पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे शास्त्रशुद्ध संपादन केले. शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा, हा लेख सांगतो, की ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ, म्हणजे विद्यार्थी व अध्यापक यांच्या निवासाची पाठशाळा, स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोईदेव व हेमाडीदेव या मांडलिकांनी त्याला देणग्या दिल्या. लेखाचा आरंभ संस्कृत श्लोकांत आहे. अखेरचा भाग मात्र त्या काळच्या मराठीत असून त्यात पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून मिळणारा राजाचा हिस्सा, सुपाऱ्या आणि तेलाच्या घाण्यांमागे ठरलेले तेल मठाला दिल्याची नोंद आहे. वंशाची स्तुती संस्कृतात आणि वसुलीची कलमे मराठीत, ही वाटणी समजण्यासारखी आहे, कारण पैसे देणाऱ्या तेल्याला आणि वाण्याला श्लोक कळून उपयोग नव्हता. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे भास्कराचार्यांच्याच कुळातील अनंतदेवाने बांधलेल्या देवळाचा शके ११४४ चा लेख आहे, तर वाघळी येथील लेख शके ९९१ इतका मागे जातो.

या लेखांमुळे एक लोकप्रिय समजूतही दुरुस्त होते. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून रचलेल्या देवळांना महाराष्ट्रात हेमाडपंती म्हणतात आणि त्यांचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री याला देतात. हेमाद्रीचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पाटणचे महेश्वराचे देऊळ तर तेथील लेखानुसार शके १०७५ मधील, म्हणजे त्याच्या शंभरएक वर्षे आधीचे आहे. साक्री तालुक्यातील बळसाण्याच्या देवळांसह खानदेशातील अशा बहुतेक वास्तूंच्या काळाची चर्चा शैली, कोरीव काम आणि शिलालेख यांच्या आधारेच करावी लागते आणि ती पद्धत बर्जेस-कझेन्स यांच्या परंपरेने घालून दिली, हे मान्य केले पाहिजे.

पारोळा या अभ्यासाच्या वाटेवरून पुढे बाजूला पडले, याचे मुख्य कारण आगगाडी. १८५९ मध्ये लंडनच्या मरे या प्रकाशकाने हिंदुस्थानचे प्रवासी मार्गदर्शक पुस्तक काढले आणि पुढील दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोहोचला; साहेब पाचोऱ्यास किंवा जळगावास उतरून अजिंठ्याकडे वळू लागला. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेली ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरवरून गेली. दोन्ही मार्गांच्या मधल्या पट्ट्यात पारोळा राहिले. बालाजीच्या नवरात्रातील वहने आणि रथ यांसाठी पंचक्रोशी तेथे लोटत असली, तरी टिपणवही घेऊन येणारा प्रवासी तेथे विरळाच.

परिणामी झपाट भवानीच्या देवळाला गॅझेटियरने बहाल केलेले ‘देखणे’ हे विशेषण पुढे उचलले गेले आणि देवळाचा दिवा कोणाच्या उत्पन्नातून जळत होता, हा प्रश्न मागे राहिला. पाटणच्या शिलालेखाने आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवले ते नेमके हेच. पारोळ्याच्या देवस्थानांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या स्थानिक अभ्यासकांनी म्हणून खांब मोजण्याआधी पुण्याच्या पेशवे दप्तरातील इनामांचे आणि जमाखर्चाचे रुमाल उघडावेत.