मधाचा शेर : तराजूतला आणि मापातला

हैदराबादच्या मराठी घरांतल्या जुन्या वह्यांत 'मध १ शेर' अशी नोंद आली की मी तिथे थांबतो. हा शेर तराजूतला की मापातला? आपल्याकडे शेर दोन्हीकडे चालायचा. वजनात नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. मापात चिपटे, मापटे, शेर, पायली. मध पातळ, म्हणून भांड्याने मोजता येतो; आणि महाग, म्हणून तराजूत घालावासा वाटतो. घोळ तिथेच आहे.

आता हिशोब बघा. पक्का शेर ८० तोळ्यांचा. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यावरून शेर झाला ९३३ ग्रॅम. (कच्चा शेर गावोगाव वेगळा, त्याच्या नादी इथे लागत नाही.) चांगला मध लिटरला साधारण १.४२ किलो भरतो. ज्या भांड्यात बरोबर एक शेर पाणी मावते, त्यात मध भरला तर तो जवळपास ११४ तोळे होतो. त्याच भांड्यात गोडे तेल भरा, ७४ तोळ्यांच्या आतच राहील. भांडे एकच, शेर तीन!

म्हणजे कोणी शंभर शेर मध मापाने घेऊन वजनाने विकला, तर भाव एक पैसाही न वाढवता त्याच्याकडे १४२ शेर होतात. जंगलातून मध आणणाऱ्याच्या हाती तराजू नसायचा, हे लक्षात ठेवून जुने व्यवहार वाचावेत.

घरच्या वहीत नुकसान वेगळ्या तऱ्हेचे होते. हैदराबादेत युनानीचा प्रभाव मोठा, त्यामुळे मराठी घरांतही माजूनची कृती सापडते. तिचा सर्वसाधारण नियम असा, की औषधांच्या चूर्णाच्या तिप्पट मध, आणि तोही वजनाने. चूर्ण १० तोळे तर मध ३० तोळे, म्हणजे ३५० ग्रॅम. मोजपात्रात हे भरते २४६ मिलिलिटर. आजची सून '३५०' वाचून मोजपात्रात ३५० मिलिलिटर ओतते, आणि मध ४२ तोळ्यांच्या वर जातो. माजून पातळ होते, डोसाचे प्रमाण बिघडते, आणि दोष मात्र आजेसासूच्या वहीला.

वहीतला शेर ओळखायला मी शेजारच्या नोंदी बघतो. आजूबाजूला तोळे, मासे असतील तर मधही बहुधा वजनी. तेल-दूध मापट्याने लिहिले असेल तर संशय घ्यावा. शिवाय वर्ष बघावे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्याच डिसेंबरात दशमान वजन-मापांचा कायदा आला. १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्या मधल्या वर्षांच्या वह्यांत एकाच पानावर शेर आणि किलो दोन्ही भेटतात.

१.४२ हा आकडा मात्र दगडावरची रेघ समजू नये. मधात पाणी जास्त असेल तर तो उतरतो; २० टक्के पाणी असेल तर १.४० च्या आसपास येतो.

एक गंमत राहिली. शेरभर मधाला जागा लागते ६५७ मिलिलिटर. बिअरची मोठी बाटली ६५० ची. फेरीवाला अशा बाटलीत मध घेऊन दारावर आला आणि 'किलो आहे' म्हणाला, तर तो किलो नाही, जुना पक्का शेर आहे. किलोला ७०४ मिलिलिटर लागतात.