प्रोफेसर देवधर: टेस्ट न खेळलेला कॅप्टन

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांची रणजी मॅच झाली. बारामती-इंदापूरकडच्या पोरांना रणजी बघायला पुणे गाठायची गरज पडली नाही. आज त्याच महाराष्ट्र संघाची जुनी गोष्ट सांगतो. एका हौशी खेळाडूची, आणि त्याच्या टीमची.

दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२, पुणे. नोकरी काय? एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्रोफेसर. म्हणजे पोट शिकवण्यावर, आणि क्रिकेट हौसेचं. पण हौस किती, तर १९११ ला हिंदू संघाकडून पहिला मोठा सामना खेळले आणि पुढे तीस वर्षांहून जास्त काळ बॅट खाली ठेवली नाही.

१९२६ ला इंग्लंडहून एमसीसीचा संघ आला. मुंबईत ऑल इंडियाकडून देवधरांनी १४८ केले. टेस्टच्या दर्जाचा माणूस होता, यात शंका नको. पण भारताची पहिली टेस्ट झाली १९३२ ला, लॉर्ड्सवर. तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे, आणि संघात त्यांचं नाव नव्हतं. पुढेही टेस्ट नशिबात आली नाही.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. यांची खरी सुरू झाली, कारण १९३४ ला रणजी ट्रॉफी आली.

त्या काळी मुंबईतली सगळ्यात गर्दीची स्पर्धा धर्मावर चालायची. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन. १९३७ पासून पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले सगळे. सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते रेस्टमध्ये. देवधर हिंदू संघात. नियमच असा की हे दोघं मराठी बॅट्समन एका बाजूने खेळूच शकत नव्हते.

रणजीत मात्र प्रश्न एकच: तू कुठल्या प्रांताचा? मग देवधर कॅप्टन आणि हजारे त्यांच्या संघात, एकाच ड्रेसिंग रूममध्ये. दोघांत वीसेक वर्षांचं अंतर. १९३९-४० च्या सीझनमध्ये हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केले, रणजीतलं पहिलं त्रिशतक. त्या वर्षी महाराष्ट्र पहिल्यांदा चॅम्पियन झाला.

पुढच्या सीझनला पुण्यात मुंबई समोर होती. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. पहिल्या डावाची आघाडी फक्त २५ रनांची, आणि तेवढ्यावर महाराष्ट्र पुढे गेला. त्या ६७५ मध्ये पन्नाशीला टेकलेल्या कॅप्टनचे २४६ होते! नंतर मद्रासला हरवून ट्रॉफी सलग दुसऱ्यांदा आणली. आणि पन्नाशी ओलांडल्यावर या माणसाने एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली.

हजारे पुढे बडोद्याला गेले. १९४३ च्या पंचरंगी फायनलला ते हिंदूंविरुद्ध उभे राहिले, रेस्टच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याचे. १९५२ ला मद्रासमध्ये भारताने पहिली टेस्ट जिंकली, तेव्हा कॅप्टन हजारेच होते. धर्मावरची ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली. रणजी अजून चालू आहे.

मला यातून एक गोष्ट पटते. आपण करिअर मोजतो ते वर किती चढलो यावर. देवधरांच्या नावापुढे टेस्टच्या रकान्यात शून्य आहे. पण सोबत कोण खेळलं, आणि त्यांना एकत्र खेळता आलं का, हेही मोजायला हवं ना? टीम कुठल्या नियमाने बनते, त्यावर कुणाशी मैत्री होऊ शकते हे ठरतं. गल्लीतली टेनिस बॉलची टीम पण बघा: कोण आत, कोण बाहेर, आणि का?

देवधर १०१ वर्षं जगले, १९९३ ला गेले. देवधर ट्रॉफी त्यांच्याच नावाची.

तुमच्या टीममधला सगळ्यात वयस्कर खेळाडू कोण, ते आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला.