कुंडीतील माती

शेतीचा इतिहास हा बहुधा जमिनीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नांगर, बैल, सारा, वतने आणि पाटबंधारे ह्यांची त्यात गर्दी असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या मालकीची वीतभर जमीन नाही, अशा माणसांनीही हजारो वर्षे काही ना काही पेरले आहे. कोणी छपरावर पेरले, कोणी खिडकीत, कोणी सज्जात, तर कोणी गलबतावर. कुंडी एवढेच त्यांच्या शेतीचे क्षेत्र. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आणि सरकारी निवासस्थानाच्या गॅलरीतून परक्या शहराकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा इतिहास परका वाटू नये.

वस्तुतः हे दोन इतिहास आहेत. एक कुंडीचा आणि दुसरा खताचा. शतकानुशतके ते एकमेकांपासून दूर वाहत राहिले. कुंडी शहरात होती, खत खेड्यात होते. ह्या दोन प्रवाहांचा संगम अगदी अलीकडे झाला, आणि तेव्हाच कुंडीतील हौस ही शेती ह्या नावास पात्र झाली, असे मला वाटते.

प्रथम कुंडीकडे पाहू. इ. स. पूर्व पंधराव्या शतकात ईजिप्तची राणी हत्शेप्सुत हिने पुंत देशाकडे गलबते धाडली. त्या मोहिमेची चित्रे देर अल्‌-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहेत. धूपाची झाडे मुळे व माती ह्यांसह टोपल्यांत घालून माणसे ती दांड्यांवरून वाहून नेत आहेत, असे त्यांत दिसते. झाड आणि त्याची माती ही दोन्ही एकत्र हलविता येतात, ह्या शोधाची ही एक फार जुनी नोंद होय.

पुढे अथेन्स नगरीत भर उन्हाळ्यात स्त्रिया एक उत्सव पाळीत. फुटक्या खापरांत माती घालून लेट्यूस, बडीशेप ह्यांसारखे बी पेरावयाचे, ती खापरे छपरावर ठेवावयाची, आणि झटपट उगवून तितक्याच झटपट सुकलेली ती रोपे अडोनिस ह्या अकाली मृत्यू पावलेल्या तरुणाच्या शोकविधीनंतर पाण्यात सोडून द्यावयाची, असा तो विधी. प्लेटोने आपल्या ‘फीड्रस’ ह्या संवादात ह्याच बागांचा दृष्टान्त घेतला आहे. शहाणा शेतकरी आपले मोलाचे बी आठ दिवसांच्या शोभेसाठी अशा खापरात टाकणार नाही, असा त्याचा आशय आहे.

हे वाचताना मराठी माणसास घटस्थापना आठवल्यावाचून राहत नाही. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत पिवळसर हिरवे होऊन वर येते आणि दसऱ्यास खुडून देवास वाहिले जाते. उत्तरेत जे नोकरीस आहेत त्यांनी नवरात्रातले जवारे पाहिले असतील, राजस्थानात राहणाऱ्यांनी गौरीच्या सणातले जवाचे कोंब पाहिले असतील. जेम्स फ्रेझर ह्याने अडोनिसच्या बागांविषयी लिहिताना उदयपूरच्या ह्या गौरीपूजेचा उल्लेख केला आहे. ह्या प्रथांचे मूळ एक की अनेक, ह्या वादात शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरता बोध एवढाच, की उथळ मातीत बी उगवते, पण नांदत नाही. पहिले आठ-दहा दिवस अंकुर आपल्या बियाच्या शिदोरीवर जगतो. मातीची परीक्षा त्यानंतर सुरू होते.

रोमन लोकांनी कुंडीस आणखी एक गुण दिला, तो म्हणजे चाके. सम्राट टायबेरियस ह्यास काकडीच्या जातीचे एक फळ रोज पानात लागे. त्यासाठी त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ते उन्हात ढकलीत नेत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली आणून ठेवीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. त्याच प्लिनीने रोमच्या गरीब वस्तीविषयी लिहिलेले एक वाक्य मात्र मनास अधिक चटका लावते. पूर्वी शहरातले सामान्य लोक खिडक्यांत छोट्या बागा करून रोज डोळ्यांना खेड्याचे दर्शन घडवीत. पुढे चोऱ्या-दरोडे इतके वाढले की त्या खिडक्या बंद कराव्या लागल्या, असा त्याचा आशय आहे. सम्राटाची काकडी इतिहासात अजरामर झाली. खिडकीतल्या त्या भाज्यांची नावेही उरली नाहीत.

आपल्याकडे अंगणातील तुळशीवृंदावन हे कुंडीचेच भारदस्त रूप. गिरणगावातल्या चाळीत अंगण राहिले नाही, तेव्हा वृंदावनाची जागा रॉकेलच्या किंवा डालड्याच्या रिकाम्या डब्याने घेतली. गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेल्या त्या डब्यांत तुळशीच्या शेजारी गवती चहा आला, पानओवा आला. लेकराच्या खोकल्याला चार पाने हाताशी असावीत, एवढाच त्यामागचा हिशेब. भूमिहीनाने देव आणि औषध ही दोन्ही एका डब्यात बसविली.

ह्याच सुमाराच्या थोडे आधी लंडनमध्ये कुंडीस काचेचे झाकण मिळाले होते. नॅथनिएल वॉर्ड हा गोदीजवळच्या धुरकट वस्तीत राहणारा डॉक्टर. त्याची नेची धुराने मरत. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला असता त्या मातीत नेचे आणि गवत आपोआप उगवले. आतली वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, हे त्याच्या लक्षात आले. १८३३ मध्ये अशा दोन काचपेट्या त्याने सिडनीस पाठविल्या आणि झाडे जिवंत पोहोचली. ह्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून ह्याने १८४८ ते १८५१ ह्या काळात चीनमधील चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात आणली. ह्या कुंडीने साम्राज्याचा व्यापार वाढविला. परंतु तिचा प्रश्न होता तसाच राहिला.

तो प्रश्न असा : शेतातील मातीस खाली आधार असतो. मुळे खोल जातात, गांडुळे वर-खाली करतात, पालापाचोळा तेथेच पडून कुजतो. कुंडीतील माती ह्या सर्वांपासून तोडलेली. शिवाय प्रत्येक वेळी घातलेले पाणी तळाच्या भोकातून जाताना मातीतले पोषण थोडे थोडे धुऊन नेते. म्हणून कुंडीतील मातीस कोणीतरी सतत परतफेड करावी लागते. ती कशाने करावयाची, ह्याचे उत्तर दुसऱ्या इतिहासात आहे.

हा दुसरा इतिहास आपल्या देशात फार जुना आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ ह्या सुमारे दहाव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या संस्कृत ग्रंथात कुणपजल नावाचे द्रवखत सांगितले आहे. प्राण्यांची हाडे, मांस इत्यादी शिजवून, त्यांत तीळ, दूध, मध ह्यांसारखे पदार्थ घालून ते आंबवावयाचे आणि झाडांना द्यावयाचे, असा त्याचा विधी. ह्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. डॉ. य. ल. नेने ह्यांनी ती मिळविली, डॉ. नलिनी साधले ह्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९९६ मध्ये ते सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाले.

एकोणिसाव्या शतकात युरोपात मात्र वारे बदलले. १८४२ मध्ये जॉन लॉज ह्याने सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया बनविणारा कारखाना सुरू झाला. पोत्यातले खत आले आणि उकिरडा हा शब्द शिवीसारखा झाला. त्या काळात आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीत होता. त्याची पत्नी गॅब्रिएल हीही तेथे संशोधन करी. ही संस्था भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीस हलली आणि आपले नावही बरोबर घेऊन आली, म्हणून दिल्लीकरांच्या तोंडी ‘पुसा’ आहे. शिकवावयास आलेला हॉवर्ड येथील शेतकऱ्यांकडून शिकू लागला, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे.

१९२४ मध्ये तो होळकरांच्या इंदुरास आला आणि १९३१ पर्यंत तेथील वनस्पतिउद्योग संस्थेचा संचालक होता. तेथे काडीकचरा, गोठ्यातले शेण, मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख ह्यांचे थर रचून, ठरावीक वेळी ते उलथवून सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार करण्याची पद्धत सिद्ध झाली. तीच जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. नवा ढीग लावताना जुन्या, बुरशी धरलेल्या ढिगातील थोडे खत त्यात मिसळीत. आपल्या घरी दुधास विरजण लावावे तसेच. १९३१ च्या ज्या ग्रंथाने ही पद्धत जगापुढे ठेवली, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्या संस्थेतील रसायन विभागातले प्रमुख साहाय्यक. हॉवर्ड पुढे ‘सर’ झाला, १९४० च्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथाने त्याची कीर्ती पसरली, आणि त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न ह्याच्या पुस्तकातून ‘सेंद्रिय शेती’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग रूढ होऊ लागला. वाडांचे नाव मात्र ग्रंथालयांच्या सूचीतच राहिले. साहाय्यकाच्या हुद्द्यावर काम करणाऱ्यांना ह्यात नवल वाटणार नाही; परंतु आज कोणी इंदूर पद्धतीचे नाव घेईल तेव्हा हे दुसरे नावही घेतले जावे, एवढे तर आपण करू शकतो.

इंदूरची पद्धत खेड्याची होती. तिला गोठा लागे. १९३९ मध्ये बंगळूर येथे आचार्य ह्या शास्त्रज्ञाने शहरातील कचऱ्यासाठी, ढीग न उलथविता करावयाची पद्धत बसविली, आणि खत शहराच्या वेशीपर्यंत आले. १९६५ च्या अन्नटंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी दिल्लीतील आपल्या निवासस्थानाची हिरवळ नांगरून धान्य पेरले, तेव्हा शहरी माणसाने पिकवावे हा विचार राजधानीच्या अंगणापर्यंत पोहोचला. तरी अंगण नसलेल्याचे काय, हे राहिलेच होते.

त्याचे उत्तर दोन ठिकाणांहून आले. १९९१ मध्ये सोव्हिएट संघ मोडला आणि क्यूबास मिळणारे तेल व खते आटली. हवाना शहरात मातीविना, रासायनिक द्रावणावर भाजी पिकविण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या कुंड्या होत्या. रसायने संपल्यावर त्यांतच कुजलेले खत आणि माती भरून भाजी लावली गेली. ‘ऑर्गनोपोनिको’ हे नाव त्यातूनच आले. दुसरे ठिकाण आपले मुंबई बंदर. कोल्हापूरकडील गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोलकर ह्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून सामान्य शेतकऱ्यांना प्रयोगशील केले आणि पालापाचोळ्यापासून ‘अमृतमाती’ करण्याची रीत सांगितली. ह्या रीतीने २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, त्याच स्वयंपाकघरातील कचऱ्यातून भाज्या व फळझाडे उभी राहिली. हजारो कामगारांच्या जेवणातील देठे आणि साली तेथल्या तेथे माती झाल्या. कुंडी आणि खत ह्यांची अखेर गाठ पडली.

ह्या इतिहासातून नवशिक्याने घ्यावयाचे धडे थोडे आहेत. आधी माती करावी, मग बी आणावे. झाकणाच्या व भोकांच्या डब्यात भाजीची देठे आणि त्यांहून अधिक वाळलेली पाने आळीपाळीने घालावीत. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून वाळला पाला वाढवावा. तयार खत, माती आणि नारळाचा भुसा समभाग घ्यावा. मेथी, पालक, कोथिंबीर ह्यांस सहा ते आठ इंच खोली पुरते. मिरची, वांगे, टोमॅटो ह्यांस फूटभर हवी. धने रगडून दोन फाकी करून पेरावेत. पुदिना व पानओवा ह्यांचे छाट लावावेत. दिल्लीकडे मेथी-पालकाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, आणि मे-जूनच्या लू मध्ये कुंड्यांस सावली करावी लागते. घनफूटभर ओली माती चाळीस किलोंहून अधिक भरते, म्हणून गच्चीवर कुंड्या भिंतीच्या कडेने मांडाव्यात. आणि कुंडीने घर चालेल अशी आशा मात्र धरू नये. ती पानाची डावी बाजू भरते, उजवी नव्हे.

राहता राहिला प्रश्न बदलीचा. तीन वर्षांत हुकूम येणार असता हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. कुंड्या मालमोटारीत फुटतात, आणि नव्या गावी जुने बी रुजेलच असे नाही. पण पिशवीभर तयार खत सहज नेता येते. नव्या घरच्या पहिल्या डब्यास तेच विरजण. बाकीची माती पुढच्या भाडेकरूसाठी ठेवून जावी. तो तमिळ असेल, बंगाली असेल. त्याने त्यात काय पेरावे हे आपण ठरवावयाचे नाही. माती जिवंत ठेवून त्याच्या हाती द्यावयाची, एवढेच आपले काम.